डीप बाइट: आजाराची हद्द कुणी आखली?

तोंड मिटल्यावर वरच्या जबड्याचे पुढचे दात खालच्या दातांवर थोडे चढलेले असतात आणि ही रचना आज आपण नैसर्गिक धरतो. खालच्या पटाशीच्या दातांचा साधारण एक तृतीयांश भाग वरच्या दातांमागे जातो. मोजायचेच तर दोन ते चार मिलीमीटर. हे झाकण वाढत जाऊन खालचे दात समोरून दिसेनासे झाले की दंतवैद्य त्याला डीप बाइट म्हणतात. त्यावर उपचार केले नाहीत तर काय काय होते, याची जाहिरातींतली यादी लांबलचक असते: टाळूला जखमा, उतरलेल्या हिरड्या, झिजलेले दात, डोकेदुखी, जबड्याच्या सांध्याचे दुखणे, कानात आवाज, घोरणे. यातल्या काही गोष्टी आरशात दिसतात, काही कधीच सिद्ध झाल्या नाहीत, आणि तरी सगळ्या एकाच पंगतीला बसल्या आहेत. त्या तशा का बसल्या, हे दात सरळ करण्याच्या व्यवसायाचा इतिहास पाहिला की कळते. माझे म्हणणे असे आहे की डीप बाइटचे खरे नुकसान लहान आणि नेमके आहे. व्यवसाय आपली प्रतिष्ठा वाढवत असताना त्याला मोठमोठे आजार जोडले गेले, पुढे ते एकेक करून गळाले, आणि जे उरले त्याच्याच आधारावर उपचार कधी करावा याचा पटण्यासारखा निकष तयार झाला.

सुरुवात जुन्या कवट्यांपासून करावी लागते. मिशिगन विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ सी. लोरिंग ब्रेस यांनी युरोपातले जुने अवशेष तपासून असे मांडले की सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीपर्यंत तिथल्या बहुतेक प्रौढांचे वरचे-खालचे पुढचे दात कडेला कड लावून मिटत. मांसाचा तुकडा दातात धरून ओढण्याऐवजी माणसे ताटात काट्याने धरून, सुरीने कापून खाऊ लागली, तेव्हापासून वरचे दात पुढे राहू लागले, असा त्यांचा तर्क होता. चीनमध्ये बारीक चिरलेले अन्न आणि चॉपस्टिक्स आधीच रुळल्या होत्या, म्हणून तिथे हा बदल कित्येक शतके आधी झाला, असेही ते म्हणत. ॲडलेडचे दंतवैद्य रेमंड बेग यांनी १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या दातांवर निबंध लिहिला. भरड, कचकच असलेल्या अन्नाने दात आयुष्यभर झिजत आणि झिजता झिजता वरचे झाकण नाहीसे होई, हे त्यांनी दाखवले. २०१९ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हेच सूत्र आणखी पुढे नेले. झाकण लहानपणी सर्वांनाच असे. मोठेपणीही ते टिकून राहणे हा शेतीनंतरच्या मऊ अन्नाचा परिणाम आहे, आणि ओठ-दात जवळ आणून काढायचे ‘फ’-‘व्ह’ सारखे ध्वनी त्यामुळेच सोपे झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ब्रेस यांच्या काट्या-सुरीवर किती भार टाकायचा याबद्दल मी साशंक आहे, पण वरचे दात खालच्यांवर चढलेले असणे ही माणसाच्या इतिहासात बऱ्यापैकी अलीकडची गोष्ट आहे, एवढे यातून नक्की होते.

यावरून पहिला आक्षेप सहज उभा राहतो. झाकण ही सुधारलेल्या जगाची देणगी असेल तर डीप बाइट हा सरळसरळ सभ्यतेचा रोग ठरतो. मग तो सर्वांचा दुरुस्त का करू नये? या बाजूने पुरावाही आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी माकडांना मऊ अन्नावर वाढवून त्यांचे जबडे तपासले, आणि १९८० च्या दशकात भारतीय सहकाऱ्यांबरोबर उत्तर भारतात पाहणी करून शहरातल्या तरुणांचे दात खेड्यातल्या तरुणांपेक्षा जास्त वेडेवाकडे असल्याचे नोंदवले. पण हा पुरावा दातांची दाटी आणि एकूण बिघडलेली ठेवण यांबद्दलचा आहे. खोल झाकण आपोआप त्यात येत नाही. ज्या प्रकारात वरचे पुढचे दात आत वळून खालच्यांवर पडद्यासारखे येतात, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांत दिसले आहे. तिथे पोळीऐवजी भाकरी खाऊन फरक पडण्याची आशा थोडीच. शिवाय कडेला कड लागणारे ते जुने दात काही फुकट मिळत नव्हते. झीज इतकी होई की दाताच्या आतला जिवंत गाभा उघडा पडे आणि मुळाशी पू धरे. जुने ते नैसर्गिक, आणि नैसर्गिक ते निरोगी, हे समीकरण दातांच्या बाबतीत टिकत नाही.

आता व्यवसायाकडे वळू. पॅरिसच्या पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये दंतशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात वाकडे दात ओळीत आणण्यासाठी धातूची नालाच्या आकाराची पट्टी आणि ती दातांना बांधायचे दोरे यांचे वर्णन आहे. त्यांचा रोख दातांच्या ओळीवर होता. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसे बसतात हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारत नव्हते. तो न्यूयॉर्कच्या नॉर्मन किंग्जली यांनी विचारला. हे गृहस्थ दंतवैद्य होते तसेच शिल्पकारही होते. १८८० च्या सुमारास त्यांनी टाळूवर बसणारी कडक रबराची तबकडी वापरली. तिच्या पुढच्या भागाला उतार दिलेला असे आणि खालचे दात त्या उतारावर टेकले की जबडा पुढे सरकून बसे. आजही वाढत्या वयातल्या मुलांना टाळूची जी प्लेट देतात, ती याच घराण्यातली आहे. पण डीप बाइटला वैद्यकीय वर्गवारीत जागा मिळाली ती एडवर्ड अँगल यांच्यामुळे. १८९९ मध्ये त्यांनी दातांच्या ठेवणीचे वर्ग पाडले. खालची दाढ मागे आणि वरचे पुढचे दात आत वळलेले, झाकण खोल, असा रुग्ण तेव्हापासून ‘क्लास टू, डिव्हिजन टू’ झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी सेंट लुईसमध्ये फक्त दात सरळ करण्याचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि हा व्यवसाय दंतवैद्यकापासून वेगळा, स्वतंत्र असल्याचे आयुष्यभर ठासून सांगितले.

अँगल यांच्या हातून एक मोठे काम झाले आणि एक मोठी अडचणही झाली. त्यांच्यासमोर आदर्श म्हणून एक कवटी होती. तिच्यातले सगळे दात निसर्गाने जणू मोजून बसवलेले होते. त्या आदर्शापासून जे जे ढळले ते ते बिघडलेले, अशी त्यांची व्याख्या. या व्याख्येने जवळजवळ सगळी मानवजात रुग्णांच्या रांगेत येते. अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत पाच मिलीमीटर किंवा त्याहून खोल झाकण सुमारे २० टक्के मुलांत आणि १३ टक्के प्रौढांत आढळले. दर पाच मुलांमागे एकात आढळणाऱ्या रचनेला आजार म्हणायचे असेल, तर तिने काय बिघडवले हे दाखवावे लागते. आदर्शापासून अंतर मोजणे म्हणजे नुकसान दाखवणे होत नाही. अँगल यांच्या पिढीने हा फरक फारसा मनावर घेतला नाही. एका दृष्टीने ते समजण्यासारखेही आहे, कारण हाडाच्या आत दात हलतो कसा हेच ते शोधून काढत होते. पण नव्या व्यवसायाला ग्राहकापुढे ‘दिसायला बरे’ यापेक्षा वजनदार कारण हवे होते, आणि ते कारण त्याच सेंट लुईस शहरातून आले.

१९३४ मध्ये तिथले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवर एक लेख लिहिला. दाढा पडलेल्या किंवा झाकण खोल झालेल्या माणसाचा खालचा जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, सांध्याचा गोळा मागे सरकून कानाजवळच्या नसांवर आणि कानाच्या नळीवर दाब देतो, आणि त्यातून कमी ऐकू येणे, कानात आवाज, चक्कर, डोकेदुखी, जिभेची आग अशी दुखणी सुरू होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अकराच रुग्ण, तुलनेला दुसरा गट नाही. तरी ‘कॉस्टेन सिंड्रोम’ हे नाव पाठ्यपुस्तकांत गेले आणि दंतवैद्यांनी ते हातोहात उचलले. जबडा ‘उंचावण्यासाठी’ दाढांवर टोप्या, पट्ट्या, प्लेटी बसू लागल्या. १९४८ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिखर यांनी दाखवून दिले की सांध्याची रचना पाहता गोळा त्या नसांवर तसा दाब देऊच शकत नाही. सिद्धांताचा पाया तिथेच गेला, पण उपचाराची सवय गेली नाही. रुग्णांना बरे वाटत होते, ही त्या सवयीची ढाल होती. आता, कानाजवळचे आणि जबड्याचे दुखणे बऱ्याचदा काही महिन्यांत आपले आपण कमी होते. त्या काळात तोंडात जे काही बसवले असेल त्याला श्रेय मिळते. चांगल्या हेतूच्या डॉक्टरांचीही यात फसगत होते, म्हणूनच तुलनेचा गट लागतो.

या कथेतला सगळ्यात उपरोधिक प्रसंग कोर्टात घडला. दातांची ठेवण बिघडल्याने सांधा दुखतो, हे व्यवसाय दशकानुदशके सांगत आला होता. १९८७ मध्ये मिशिगनमधल्या एका खटल्यात ज्युरीने तेच वाक्य उलटे फिरवले: दात हलवल्यामुळेच सांधा बिघडला, असे मानून एका तरुण मुलीला साडेआठ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. ठेवण आणि सांधा यांचा इतका घट्ट संबंध असेल तर ठेवण बदलणाऱ्याने जबाबदारीही घ्यायला नको का? व्यवसायाला घाम फुटला. अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या, संघटनेने संशोधनाला पैसा दिला, आणि १९९२ च्या जानेवारीत त्यांच्या मुखपत्राचा अख्खा अंक या प्रश्नावर निघाला. १९९५ मध्ये मॅकनमारा, सेलिगमन आणि ओकेसन यांनी उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला. सांध्याच्या दुखण्याशी थोडाफार संबंध दिसतो अशा पाच गोष्टी त्यात निघाल्या: पुढचे दात न मिटणे, वरचे दात सहा-सात मिलीमीटरहून जास्त पुढे असणे, जबडा मिटताना चार मिलीमीटरहून जास्त घसरणे, एका बाजूच्या दाढा उलट्या बसणे, आणि पाच किंवा जास्त दाढा पडलेल्या असणे. डीप बाइट या यादीत नाही. ज्या रचनेवर साठ वर्षे खापर फोडले गेले तिचे नाव आरोपपत्रातूनच वगळले गेले. दाव्याला पुरावा मागण्याची वेळ रुग्णांच्या हितापेक्षा वकिलाच्या नोटिशीमुळे आली, हे मात्र या व्यवसायाला फारसे भूषणावह नाही.

मग उरले काय? जे उरले ते तोंड उघडून पाहता येते. वरच्या दोन मधल्या दातांच्या मागे टाळूवर मटारापेक्षाही लहान, गुलाबी उंचवटा असतो. तीव्र डीप बाइटमध्ये खालच्या पटाशीच्या दातांच्या कडा रोज त्याच्या आसपास टेकतात. लाल, सुजलेल्या टाळूवर दातांच्या रांगेचा ठसाच उमटलेला असतो, आणि गरम किंवा तिखट खाल्ले की तो झोंबतो. दुसऱ्या बाजूला, आत वळलेले वरचे दात खालच्या दातांच्या समोरच्या हिरडीवर येतात आणि तिला थोडी थोडी खाली ढकलत राहतात. मूळ उघडे पडते, थंड पाणी लागते. डब्ल्यू. बी. ॲकर्ली यांनी १९७७ मध्ये अशा इजेचे चार प्रकार सांगितले: दात टाळूवर टेकणे, वरच्या दाताच्या मागच्या हिरडीच्या खाचेत घुसणे, वर आणि खाली दोन्हीकडच्या हिरड्या सोलणे, आणि वरच्या दातांचा मागचा भाग घासून घासून पातळ होणे. या चौथ्या प्रकाराकडे लक्ष सगळ्यात उशिरा जाते, कारण दात समोरून धडधाकट दिसतो आणि मागून पत्र्यासारखा झालेला असतो. मग पुढे कधीतरी तो तुटतो आणि टोपी बसवायची म्हटले तर तिच्यापुरतीही जागा नसते. दाढा पडून वर्षे गेली असतील तर झाकण आणखी खोल होते आणि कवळी बसवणाऱ्याची पंचाईत होते. हे नुकसान संथ आणि कंटाळवाणे आहे. त्यात चक्कर नाही, बहिरेपण नाही. पण ते खरे आहे, आणि गेलेली हिरडी किंवा झिजलेले कवच आपोआप परत येत नाही.

या उरलेल्या गोष्टीवर निकष उभा केला तो ब्रिटनने, आणि कारण पैशाचे होते. सरकारी खर्चाने अनावश्यक दंतोपचार होत आहेत का, हे तपासणाऱ्या शॅनशीफ समितीचा अहवाल १९८६ मध्ये आला होता. उपचाराची गरज ठरवायची कशी, या प्रश्नाला पीटर ब्रुक आणि विल्यम शॉ यांनी १९८९ मध्ये पाच श्रेणींच्या तक्त्याने उत्तर दिले. त्यात डीप बाइट तीन ठिकाणी येतो. झाकण साडेतीन मिलीमीटर किंवा जास्त, पण हिरडीला स्पर्श नाही: दुसरी श्रेणी, गरज थोडी. खालचे दात हिरडीवर किंवा टाळूवर टेकतात, पण इजा नाही: तिसरी श्रेणी, काठावरची. हिरडीला किंवा टाळूला जखम आहे: चौथी श्रेणी, गरज नक्की. २००६ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना चौथ्या-पाचव्या श्रेणीसाठी सरकारी उपचार मिळतो. तिसरीसाठी दिसण्याचे वेगळे गुण लागतात. सहा मिलीमीटर खोल पण कुठेही न टेकणारा बाइट खालच्या श्रेणीत, आणि पाच मिलीमीटरचा पण टाळू सोलणारा वरच्या श्रेणीत. अँगल यांच्या आदर्शाला नव्वद वर्षांनी मिळालेले हे उत्तर मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. याच शॉ यांच्या गटाने १९८१ मध्ये कार्डिफ भागातल्या ११-१२ वर्षांच्या हजारावर मुलांची नोंद करून वीस वर्षे पाठपुरावा केला. उपचार घेतलेल्यांचे दात अधिक नीट होते आणि त्यांना ते आवडतही होते. पण उपचार न मिळालेले काही मनाने खचले नव्हते, आणि सांध्याचे दुखणे उपचाराने ना टळले ना उद्भवले.

यावर जाणकार दंतवैद्य दुसरा आक्षेप घेतील, आणि तो पहिल्यापेक्षा भक्कम आहे. जखम होईपर्यंत थांबायचे म्हणजे सोपी वेळ हातची घालवायची. वाढत्या मुलाच्या टाळूला सपाट पायरीची प्लेट दिली की खालचे पुढचे दात तिच्यावर टेकतात, दाढांमध्ये दोन-तीन मिलीमीटर फट राहते, आणि काही महिन्यांत दाढा त्या फटीत वाढून झाकण कमी करतात. वाढ संपल्यावर हा रस्ता अवघड होतो. प्रौढात पुढचे दातच हाडात परत दाबावे लागतात. चार्ल्स बर्स्टन यांनी १९७७ मध्ये त्यासाठी अगदी हलक्या जोराची तार कशी वापरायची हे दाखवले, कारण जोर वाढला की दात आत जाण्याऐवजी मूळ विरघळण्याचा धोका वाढतो. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलंड यांनी नाकाखालच्या हाडात एक छोटा स्क्रू बसवून त्याच्या आधाराने वरचे दात सुमारे सहा मिलीमीटर वर नेले. आजच्या मिनी-स्क्रूंची ती पहिली पावले. फार तीव्र असेल तर जबड्याची शस्त्रक्रियाच उरते. म्हणून लवकर करा, हा त्यांचा सांगावा. मला त्यातले अर्धे पटते. दात टेकू लागले असतील आणि मूल वाढीच्या वयात असेल, तर जखमेची वाट पाहणे हा हट्ट ठरेल. पण जिथे काहीच टेकत नाही तिथे ‘पुढे होईल’ एवढ्यावर उपचार सुरू करायला पुरावा लागतो, आणि तो तुटपुंजा आहे. आत वळलेले दात आणि डीप बाइट यांवरच्या मुलांच्या उपचारांचा, उपलब्ध चाचण्या पद्धतशीर गोळा करून घेतलेला कॉक्रेन आढावा २००६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये झाला; दोन्ही वेळा नियमानुसार केलेली एकही तुलनात्मक चाचणी हाती लागली नाही. पुरावा नाही म्हणजे फायदा नाही असे होत नाही, हे मान्य. पण मग ठामपणाही तेवढाच आवरता घ्यायला हवा. त्यात भर म्हणजे हे झाकण उपचारानंतर परत खोल होण्याची खोड फार मोठी असते, म्हणून दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर वर्षानुवर्षे वापरावा लागतो. खर्च सांगताना ही गोष्ट बऱ्याचदा शेवटी सांगितली जाते.

भारतात हा व्यवसाय उशिरा आला. दंतवैद्यकाला कायद्याची चौकट १९४८ च्या कायद्याने मिळाली, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये स्थापन झाली, आणि पुढची कित्येक वर्षे आपल्या दंत महाविद्यालयांत बेग यांची बारीक गोल तारेची पद्धतच मुख्यत्वे शिकवली गेली. ब्रिटनसारखा गरजेचा तक्ता इथे पैसे देणाऱ्या यंत्रणेचा भाग कधीच झाला नाही, कारण पैसे देणारी यंत्रणाच नाही. तारा लावायच्या तर आई-वडिलांच्या खिशातून. त्यामुळे ‘गरज आहे का’ हा प्रश्न दवाखान्यातल्या खुर्चीजवळच सुटतो आणि ज्याला पैसे मिळणार तोच तो सोडवतो. अलीकडे यादीत घोरणे आणि झोपेतला श्वास यांची भर पडली आहे. कॉस्टेन यांच्या जागी आता श्वासमार्ग आला आहे. २०१९ मध्ये अमेरिकी संघटनेच्याच तज्ज्ञगटाने दातांच्या उपचारांवर असा भरवसा टाकण्याइतका पुरावा नाही, असा सावध अहवाल दिला. आणि केवळ दिसण्यासाठी कुणाला दात नीट करून घ्यायचे असतील, तर त्यात गैर काही नाही. हसताना हात तोंडावर न्यावा लागू नये, ही इच्छा पुरेशी सन्मान्य आहे. तिला कानाच्या दुखण्याचा आधार देण्याची गरज नाही.

तेव्हा घरात कुणाला डीप बाइट असल्याचे सांगितले गेले, तर मिलीमीटरचा आकडा ऐकून घाबरू नये आणि ‘दातच तर आहेत’ म्हणून दुर्लक्षही करू नये. टाळूवर दातांचे ठसे आहेत का, खालच्या दातांसमोरची हिरडी उतरली आहे का, आणि वरच्या दातांचा मागचा भाग झिजला आहे का, या तीन गोष्टी डॉक्टरांना छोट्या आरशाने दाखवायला सांगाव्यात. यांतली एक जरी दिसली तर उपचार लांबवू नयेत. एकही दिसली नाही तर वर्षातून एकदा तपासून घ्यावे आणि पैसे तोवर खिशात ठेवावेत.